वाघापूर रोडवरची एकमेव स्कझी

१९९७ साली यवतमाळात घरी संगणक असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजता आली असती. स्कझी असलेला माणूस मोजायला एकच बोट पुरलं असतं, आणि ते वाघापूर रोडवरच्या चंद्रशेखर गंध्यांच्या घराकडे दाखवावं लागलं असतं.

स्कझी ही संगणकाला डिस्क, स्कॅनर वगैरे जोडायची एक जुनी पद्धत. तिला कंट्रोलर नावाचं वेगळं कार्ड लागतं, पन्नास तारांची चपटी केबल लागते आणि जोडणाऱ्याच्या अंगी चिकाटी लागते. बाकीचं गाव तेव्हा साधी, स्वस्त डिस्क लावून मोकळं होत होतं. गंध्यांनी मात्र एका इंग्रजी मासिकात वाचलं, की गंभीर काम करणारे लोक स्कझी वापरतात. गंधे गंभीर होतेच. फक्त काम मिळायचं होतं.

एका कचेरीतली लिपिकाची कायम नोकरी त्यांनी एकेचाळिसाव्या वर्षी सोडली, नागपूरहून कार्ड, डिस्क आणि स्कॅनर आणला, आणि घराच्या पुढच्या खोलीवर 'गंधे स्कॅनिंग व अक्षरजुळणी' अशी पाटी लावली. डिस्क चार जीबीची होती. माणसाने जन्मभर भरली तरी ही भरायची नाही, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. येताना एसटीत डिस्कचा खोका त्यांनी मांडीवर धरला होता, आणि लेकराचं तिकीट काढलं का म्हणून कंडक्टरने विचारलं होतं. ही गोष्ट ते तेव्हापासून सांगतात, आणि मंजुषाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, तेव्हापासून नेमक्या त्याच वेळी चहा टाकायला उठतात.

त्या काळी त्यांचा दरारा होता. लग्नपत्रिका, दवाखान्यांची लेटरहेडं, सत्काराच्या स्मरणिका, सगळं त्या खोलीतून बाहेर पडायचं. कोणाचं मशीन अडलं की लोक त्यांना बोलवायचे, आणि ते पहिल्यांदा विचारायचे, "स्कझी आहे का?" नसायचीच. मग ते जरा खिन्न होऊन मदत करायचे. ज्या विद्येला गावात दुसरा माणूस नसतो तिचं एक बरं असतं, चूक काढायला कोणी येत नाही. आणि ती अंगातून निघून गेली तरी कोणाला पत्ता लागत नाही, स्वतःलासुद्धा. २००९ च्या सुमारास पाटी उतरली. स्कॅनर भंगारात गेला, संगणक माळ्यावर गेला. डिस्क, कार्ड आणि केबल त्यांनी धुतलेल्या पंच्यात गुंडाळून कपाटात ठेवली.

मागच्या ऑगस्टात राळेगावकडच्या एका गावातून पुंडलिकराव डाखोरे त्यांच्या दाराशी आले. पुंडलिकराव कपाशी आणि तुरीची शेती करतात. सोबत त्यांची मुलगी सुरभी होती आणि तिच्या छातीशी प्लास्टिकची फाईल होती.

"गंधे साहेब तुमीच ना?" पुंडलिकराव म्हणाले. "आमची शाळा तुमच्यापाशी हाये म्हणतात."

गंध्यांना आधी काही उलगडलं नाही. मग उलगडलं आणि त्यांचा चेहरा उजळला. १९९८ साली त्या गावच्या शाळेची शताब्दी झाली होती. स्मरणिकेचं काम गंध्यांकडे होतं, आणि तेव्हा शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर, ज्यात आलेल्या-गेलेल्या प्रत्येक पोराची नोंद असते, ते त्यांनी पानन्‌पान स्कॅन केलं होतं. दोनशे चौदा पानं. स्मरणिकेत त्यातलं एकही छापलं गेलं नाही, कारण अध्यक्षांचे फोटो तीन आकारांत आले होते. पण पानं डिस्कवर राहिली.

"आता थे रजिस्टर नाही," पुंडलिकराव म्हणाले. "एका पावसाळ्यात शाळेचं छत गळलं. कपाटातल्या कपाटात लगदा झाला."

पुढचं सुरभीने सांगितलं, एका दमात, बऱ्याच खिडक्यांवर सांगून पाठ झाल्यासारखं. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता, ओबीसीच्या यादीतून. जात पडताळणीचं प्रमाणपत्र एकवीस दिवसांत दिलं नाही तर जागा जाणार होती. पडताळणीला तिच्या आजोबांच्या जातीचा, ठरलेल्या सालाच्या आधीचा कागद हवा होता. आजोबा, लटारी सोनबा डाखोरे, वारले होते. त्यांचा शाळेचा दाखला सापडत नव्हता, गावच्या जुन्या नोंदींत त्यांचं साल नव्हतं, आणि भावकीत कोणी इतकं शिकलंच नव्हतं की त्याला हे प्रमाणपत्र काढायची वेळ यावी. आजोबा कुणबी होते हे गावातले बैलसुद्धा सांगू शकले असते. पण बैलांचं प्रतिज्ञापत्र चालत नाही.

"आजोबा सत्तेचाळीस साली पहिलीत गेले," सुरभी म्हणाली. "त्यांची ओळ त्या रजिस्टरात असेल ना काका?"

"असेल नाही, आहे," गंधे म्हणाले. "डिस्क आपल्याजवळ आहे. स्कझी आहे. बसा."

इतक्या वर्षांत हे वाक्य म्हणायची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती, आणि ते त्यांनी उभं राहून म्हटलं.

त्यांनी धम्मदीपला फोन केला. धम्मदीप चाळिशीचा, बसस्टँडजवळ त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. अक्षरजुळणी तो गंध्यांकडेच शिकला, म्हणून अजून त्यांना सर म्हणतो. तो येईपर्यंत गंध्यांनी पंचा सोडून डिस्क टेबलावर ठेवली. धम्मदीप आला, त्याने ती पाहिली, आणि चष्मा काढून पुन्हा पाहिली.

"सर, हे डिस्क हाये का मारोती?"

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही सर. हिच्यावर लेबल होतं ना?"

होतं. पण दर दसऱ्याला गंधे डिस्क आणि कार्ड पाटावर मांडून पूजा करतात. यंत्राला देव मानायला ते तयार नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की ज्याने घर चालवलं त्याला वर्षातून एकदा मान द्यावा. कार्ड नाजूक, म्हणून त्याला नुसतं झेंडूचं फूल. डिस्क धट्टीकट्टी, म्हणून तिला गंध, हळद, कुंकू, अक्षता, सगळं. कोरडं कुंकू धातूवर टिकत नाही, म्हणून आधी ओलं गंध. असे सत्तावीस दसरे त्या लेबलावर बसले होते.

डिस्कच्या लेबलावर काय असतं, हे सांगायला हवं. एका केबलवर स्कझीच्या अनेक वस्तू बसतात, म्हणून प्रत्येकीला आपला नंबर लागतो, शून्य ते सात. सात हा नंबर कार्ड स्वतः ठेवून घेतं. डिस्कला नंबर द्यायचा तर तिच्या मागे सुईसारख्या पिनांच्या बारा जोड्या असतात; त्यातल्या ठरावीक जोड्यांवर मुगाएवढी टोपी घालायची. कोणती जोडी कशासाठी, याचा नकाशा लेबलावर असतो. कंपनी आणि मॉडेलही तिथेच असतं. चारेक टोप्या एकेकाळी बसवलेल्या होत्या. पण पूजेच्या आधी पुसताना अडतात म्हणून गंध्यांनी त्या पाटी उतरल्यानंतर कधीतरी काढून एका कुंकवाच्या डबीत ठेवल्या होत्या. डबी मिळाली. टोप्याही मिळाल्या. कोणती कुठे होती, हे डबीत लिहिलेलं नव्हतं.

"तुम्हाला आठवत असेल ना?" मंजुषाताईंनी विचारलं.

"आठवेल," गंधे म्हणाले.

धम्मदीपने स्पिरिटचा बोळा घेतला आणि कडेकडेने हळूच पुसायला लागला. थर हलला. आधी हळद सुटली, मग कुंकू, आणि मग त्या दोघांच्या संगतीने लेबलाचा कागद सुटला. पापुद्र्यासारखा तो त्याच्या बोटाला चिकटून आला. एका कोपऱ्यात इंग्रजीतली एकच ओळ शाबूत होती. तिच्याजवळ डिस्कला एक बारीक छिद्र होतं, आणि ओळ सांगत होती, हे छिद्र झाकू नका. छिद्रात गंध ठासून भरलं होतं.

पुंडलिकरावांनी सुरभीकडे पाहिलं, सुरभीने धम्मदीपकडे, धम्मदीपने छिद्राकडे.

"टाचणी द्या काकू," तो म्हणाला.

संगणकाचा प्रश्न वेगळाच होता. माळ्यावरचं मशीन खाली काढलं, तर आतले कपॅसिटर फुगून फुटले होते. गंध्यांच्या घरच्या नव्या संगणकात ते कार्ड बसायला खाचच नव्हती. असल्या खाचा बनवणं जगाने मध्येच कधीतरी सोडून दिलं होतं, आणि वाघापूर रोडला कळवलं नव्हतं. धम्मदीपला वणीचा एक देवीलाल आठवला. कोळशाचे ट्रक तोलणाऱ्या वजनकाट्यावर त्याच्याकडे जुनं मशीन होतं, आणि आता नवं आल्याने ते नुसतं पडून होतं. धम्मदीप मोटरसायकलवर वणीला जाऊन ते बांधून घेऊन आला. उघडलं तर आत काळ्या भुकटीचा थर. तोंडाला रुमाल बांधून त्याने ते अंगणात झटकलं. मंजुषाताईंच्या तुळशीवर दोन दिवस कोळसा होता. पण मशीन सुरू झालं आणि कार्ड खाचेत बसलं. यात सहा दिवस गेले.

या सहा दिवसांत गंध्यांनी परदेशातल्या जुन्या संगणकांच्या हौशी लोकांना इंटरनेटवर डिस्कचा फोटो पाठवून विचारलं, ही कोणती असावी. पोलंडमधल्या एका गृहस्थाने उलट विचारलं, तो लाल गंज आहे का. गंध्यांनी लिहिलं, नाही, धार्मिक आहे. त्यावर पुढे उत्तर आलं नाही.

सातव्या दिवशी पुंडलिकराव आणि सुरभी पहिल्या एसटीने आले. केबल लावली. एका टोकाला कार्ड, दुसऱ्या टोकाला डिस्क. गंधे समजावून सांगायला लागले. समजावण्याची त्यांना मुळात आवड, आणि समोर माणूस बसलेला.

"हे पाहा पुंडलिकराव. केबलच्या दोन्ही टोकांना बंद करावं लागतं. त्याला टर्मिनेशन म्हणतात. नाही केलं तर पाठवलेली गोष्ट टोकाला धडकून परत येते आणि मध्ये गोंधळ होतो. कार्ड आपलं टोक स्वतः बंद करतं. डिस्कचं टोक टोपी लावून बंद करावं लागतं."

"म्हणजे धुऱ्यावर माती टाकाची," पुंडलिकराव म्हणाले. "नाही तं दांडातलं पानी सैरावैरा."

गंधे थांबले. एवढं नेमकं उत्तर त्यांना अठ्ठावीस वर्षांत मिळालं नव्हतं.

"बरोबर, टोकाला बांध घालायचा. फक्त धुरा कोणता, ते लेबलावर होतं."

"अन् लेबल तुमी धुतलं."

"धुतलं नाही. पुजलं."

मग सुरुवात झाली. बारा जोड्या, चार टोप्या. प्रत्येक वेळी मशीन बंद करायचं, टोपी हलवायची, मशीन सुरू करायचं. कार्ड पडद्यावर एकेक नंबर हाक मारून पाहायचं: शून्य, एक, दोन. प्रत्येकापुढे थांबायचं आणि कोणी नाही असं म्हणून पुढे जायचं. हे पाहणं फार वाईट. शाळेत हजेरी घेतात तसं, आणि वर्गात कोणीच नाही.

सुरभीने आपल्या वहीत आडव्या-उभ्या रेघा मारून तक्ता केला. कोणत्या जोडीवर टोपी, काय दिसलं, डिस्क फिरली की नाही. गंधे मध्ये मध्ये म्हणायचे, "मला वाटतं, डावीकडून तिसरी." ती डावीकडून तिसरी लावायची आणि तक्त्यात फुली मारायची. संध्याकाळपर्यंत एकवीस फुल्या झाल्या. डिस्क कधी फिरायची, कधी नाही; फिरली तरी कार्डाला ओ द्यायची नाही.

"काका, तुम्ही तेव्हा हे जोडलं तेव्हा किती वेळ लागला होता?" सुरभीने विचारलं.

"अर्धा तास," गंधे म्हणाले, आणि तेवढ्यापुरते ते त्या अर्ध्या तासात जाऊन आले. "पण लेबल होतं."

दुसऱ्या दिवशी लाईन गेली ती चारला आली. तिसऱ्या दिवशी केबलचं तोंड सैल निघालं, म्हणजे आधीच्या सगळ्या फुल्या खोट्या ठरल्या. सुरभीने नवं पान उघडलं आणि पुन्हा रेघा मारल्या. पुंडलिकरावांना त्या दिवशी शेतात फवारणी होती, तरी ते आले होते. ते दिवाणावर बसून राहायचे, हात गुडघ्यांवर, दवाखान्यात आतल्या खोलीकडे पाहत बसावं तसे. एकदा मंजुषाताईंनी त्यांना विचारलं, "तुम्ही कशाला येता रोज, फोन केला असता ना आम्ही."

"घरी तरी काय करू वहिनी. तिथं बी मले काही समजत नाही, इथं बी समजत नाही. इथं निदान डोळ्यासमोर हाये."

एकवीस दिवसांतल्या बाराव्या दिवशी सकाळी, नव्या पानावरच्या चौदाव्या खेपेला, डिस्क घरघरली, कार्डाने शून्यापासून हजेरी घेतली, आणि पाचवर थांबलं. पाचपुढे एका कंपनीचं नाव उमटलं. गंध्यांनी ते मोठ्याने वाचलं. धम्मदीप म्हणाला, "सर, हात नका लावू आता कशाले." मंजुषाताई ओट्यावरून ओल्या हातांनी बाहेर आल्या. पुंडलिकराव उभे राहिले. काय झालं हे त्यांना नेमकं कळलं नव्हतं, पण उभं राहायची वेळ आहे हे कळलं होतं.

डिस्क उघडली. फोल्डरांच्या यादीत लग्नपत्रिका होत्या, मोडलेल्या एका लग्नाचीही. खाली शाळेचं नाव होतं. आत दोनशे चौदा फायली. सत्तेचाळीस सालचं पान सापडायला पाऊण तास गेला, कारण प्रत्येक चित्र वरून खाली, ओळ ओळ करत उमटायचं, आणि घाई केली की डिस्क चमत्कारिक टकटक करायची.

एकशे एकतिसाव्या पानावर सुरभी म्हणाली, "थांबा."

शाईचं, तिरक्या वळणाचं अक्षर होतं, वाचायला स्वच्छ. लटारी सोनबा डाखोरे. जन्मतारीख. राहण्याचं गाव. बापाचा धंदा, शेती. पुंडलिकराव पडद्याजवळ गेले आणि आपल्या बापाच्या नावाकडे पाहत राहिले. "हे थेच," ते म्हणाले. "पहिलीत होता तवा."

सुरभी पुढच्या रकान्याकडे पाहत होती. वर मथळा होता: जात. त्याखाली, पानाच्या वरपासून खालपर्यंत, एक पांढरी पट्टी होती. दोन्ही कडा सरळ, फूटपट्टी लावून कापल्यासारख्या. तिच्या डावीकडे अक्षरं होती, उजवीकडे अक्षरं होती. पट्टीत काही नव्हतं.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

धम्मदीपने मागचं पान उघडलं. तिथेही पट्टी. पुढचं उघडलं. तिथेही. त्याने पहिलं उघडलं, शेवटचं उघडलं. मग तो गंध्यांकडे वळला आणि त्याला पुढचं विचारायची गरज राहिली नाही, कारण गंधे खुर्चीवर बसले होते आणि त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता.

शताब्दीच्या बैठकीत, ते म्हणाले, रजिस्टरची पानं स्मरणिकेत छापायची असं ठरत होतं. तेव्हा त्यांनी सूचना केली होती, की जातीचा रकाना झाकावा. शंभर वर्षं एका वर्गात बसलेल्या पोरांची नावं छापताना जात कशाला. सूचनेवर टाळ्या पडल्या. हेडमास्तरांनी गहिवरून हात हातात घेतला. मग गंध्यांनी जाड पांढऱ्या कागदाची पट्टी कापली, त्या रकान्याच्या रुंदीची, आणि स्कॅनरच्या काचेवर पान पालथं घालण्याआधी प्रत्येक पानावर ती ठेवली. दोनशे चौदा वेळा. एकदाही चुकली नाही. आयुष्यातल्या ज्या दोन-तीन गोष्टी आपण नीट केल्या असं त्यांना वाटत होतं, त्यातली ही एक होती, आणि स्कझी लागणार या आनंदात नेमकी तीच त्यांना आठवली नव्हती.

पुंडलिकरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"थे पट्टी आता काढता नाही येत काय?" त्यांनी धम्मदीपला विचारलं. "कम्पुटरवर सगळं काढता येते म्हणतात."

"पट्टीखाली काही नाही भाऊ," धम्मदीप म्हणाला. "फोटोत पट्टीच हाये. तिच्या खालचं कागदावरच राह्यलं."

"अन् कागद?"

कागदाचं काय झालं हे पुंडलिकरावांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ते पुन्हा खाली बसले.

सुरभीने पानाचा मोबाईलवर फोटो काढला. मग धम्मदीपकडून त्याची छापील प्रतही काढून घेतली आणि फाईलमध्ये घातली. रकाना रिकामा असला तरी आजोबांचं नाव, गाव आणि साल त्यावर होतं, आणि तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. प्रमाणपत्राला आता नऊ दिवस राहिले होते.

"सोबत प्रतिज्ञापत्र जोडा," धम्मदीप म्हणाला. "सर लिहून देतील, पट्टी मी लावली म्हणून."

दुसऱ्या दिवशी चौघंही कोर्टाबाहेरच्या टिनाच्या शेडमध्ये गेले. तिथे बबनराव टायपिस्ट बसतात. बबनरावांनी आजवर इतकी प्रतिज्ञापत्रं टाइप केली आहेत, की माणूस स्टुलावर टेकायच्या आत त्यांचा पहिला परिच्छेद तयार असतो. गंध्यांनी हकिगत सांगितली. बबनरावांनी ती ऐकता ऐकताच टाइप केली आणि वाचून दाखवली: "सदर रकाना मी दिनांक अमुक रोजी कागदी पट्टीने झाकला. सदर रकान्यात श्री. लटारी यांच्या नावासमोर कुणबी अशी नोंद होती, ती मी स्वतः वाचली आहे."

"वाचली नाही," गंधे म्हणाले.

बबनरावांची बोटं थांबली. "पट्टी तुमीच लावली ना?"

"मीच लावली."

"न वाचता?"

"न वाचता. आधी वाचून मग झाकण्यात काय अर्थ होता? मी पट्टी वरून सरकवत आणायचो आणि नजर डावीकडच्या नावावर ठेवायचो. तसं ठरवलं होतं."

बबनरावांनी पुंडलिकरावांकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "साहेब, पोरीचं वर्ष हाये. सत्तावीस वर्षांमागं तुमी वाचलं का नाही, हे पाहाले कोण गेलतं? अन् मी काही गॅरंटी देऊन नाही राह्यलो, हे लावूनही चालंल का नाही थे वरचे जाणे. पण हे वाक्य नसलं तं कागदात उरते काय?"

पुंडलिकराव पुढे झाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"भाऊ, मी कोण हाये हे तुमाले मालूम हाये का नाही?"

"माहीत आहे."

"माहा बाप कोण होता, हे मालूम हाये?"

"माहीत आहे, पुंडलिकराव."

"मंग कायले अडून राह्यले?"

"माहीत आहे. वाचलं नाही."

शेजारच्या टेबलावर कोणाच्या तरी भाडेकराराच्या प्रती निघत होत्या. गंध्यांनी पेन हातात घेतलं होतं आणि त्याचं टोपण ते काढत होते, लावत होते. त्यांना सही करायची नव्हती असं नाही. त्यांचा हात दोनदा कागदाकडे गेला, हे धम्मदीपनेही पाहिलं. दोन्ही वेळा तो त्याच ओळीपाशी थांबला.

शेवटी सुरभी म्हणाली, "बबनकाका, ते वाक्य काढा. जे केलं तेवढंच लिहा."

"बाई, मंग याचा उपयोग काय?"

"मला काय माहीत," ती म्हणाली. "पण काकांना उद्या तिथं बोलावून विचारलं तर ते हेच सांगतील ना. मग माझंच खोटं ठरेल."

हे खरं होतं, आणि गंध्यांना ते कोणीही काही बोललं असतं त्याहून जास्त लागलं. बबनरावांनी ओळ काढली. तिच्या जागी त्यांनी लिहिलं, "सदर रकान्यात काय नोंद होती, हे मला माहीत नाही." गंध्यांनी तेही बदलायला लावलं. माहीत नाही नव्हे, वाचले नाही. बबनरावांनी निमूट बदललं. गंध्यांनी सही केली, पूर्ण नावाची, वळणदार.

बाहेर आल्यावर पुंडलिकराव म्हणाले, "एक गोष्ट हाये भाऊ. तुमी तवा जरासं वाचलं असतं, तं काही बिघडलं नसतं."

"नसतं बिघडलं," गंधे म्हणाले.

कागद जमा झाले, पोच मिळाली. उरलेल्या दिवसांत काही आलं नाही. पुढच्या फेरीच्या यादीत सुरभीचं नाव राखीव यादीतून खुल्या यादीत सरकलं, आणि खुल्या यादीत तिचा नंबर जिथे लागत होता तिथपर्यंत जागा पोहोचत नव्हत्या. ती आता राळेगावला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला जाते. पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेशपरीक्षा देणार आहे. प्रमाणपत्र मिळालं तर यादी राखीव, नाही तर खुली.

त्या अर्जाचा नंबर गंध्यांना तोंडपाठ आहे. रोज आंघोळ झाली की ते मोबाईल घेऊन बसतात, नंबर टाकतात, वाकडीतिकडी अक्षरं ओळखून दाखवा असं पडदा म्हणतो ती ओळखून दाखवतात, आणि वाट पाहतात. अर्ज छाननीत आहे, असं येतं. सुरभीने त्यांना फोनवर दोनदा सांगितलं, की काही बदललं तर मला मेसेज येणारच आहे, तुम्ही नका रोज पाहत बसू. दोन्ही वेळा ते बरं म्हणाले.